माहितीची कणगी

शहाणा शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही, हे पिंपळगाव राजाच्या श्रोत्यांना सांगावयास नको. संगणकातील माहिती जपण्याचा विचारही येथूनच सुरू होतो.

चित्रपटांचे उदाहरण घेऊ. ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील कोठाराला ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि ज्वालाग्राही नायट्रेटच्या कित्येक फिती भस्मसात झाल्या. म्हणून जुने चित्रपट आता संगणकावर उतरविले जातात. परंतु संगणकात गेले म्हणजे ते अमर झाले, असे नव्हे.

प्रथम माप पाहू. उत्तम प्रतीने उतरविलेल्या एका चौकटीस सुमारे ५ कोटी बाइट लागतात. सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाच्या २,१६,००० चौकटी व सुमारे ११ टेराबाइट माहिती झाली. ही ठेवावी कोठे?

हार्ड डिस्क स्वस्त व सोयीची. पण तिच्यातील तबकडी फिरती, म्हणून झिजणारी. काही वर्षांनी ती बदलणे भागच असते. एसएसडीत फिरता भाग नाही, वेगही मोठा. पण ती महाग, आणि दीर्घकाळ विजेवाचून पडून राहिल्यास तिच्यातील माहिती पुसली जाऊ शकते. तिसरी एलटीओ ही चुंबकीय फीत. तिच्या नवव्या पिढीच्या एका डबीत १८ टेराबाइट मावतात. फळीवर ठेवलेल्या डबीस वीज लागत नाही व संगणकाचा विषाणू तेथे पोहोचत नाही. मात्र फीत वाचणारे यंत्र महाग. शिवाय नवव्या पिढीचे यंत्र आठव्या पिढीमागची फीत वाचीत नाही. म्हणून दर काही वर्षांनी माहिती नव्या फितीवर उतरवावी लागते.

तात्पर्य, घरगुती दोन-चार टेराबाइटला दोन हार्ड डिस्क पुरेत, पण त्या वेगवेगळ्या घरी असाव्यात. शेकडो टेराबाइट सांभाळणाऱ्या संस्थेने फीत पत्करावी. एकाच पेटीत जोडीने चालणाऱ्या डिस्कांवर मात्र विसंबू नये. एक बिघडली तर दुसरी चालते हे खरे, पण चुकून पुसलेले दोन्हींतून पुसले जाते. मोलाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक परगावी, हा नियम आम्हांस सर्वांत व्यवहार्य वाटतो.

आणि वर्षातून एकदा ती प्रत उघडून, वाचून पाहावी. बियाणे उगवते की नाही, हे पेरणीच्या दिवशी पाहून भागत नाही.