अश्वगंधा: काढणीची योग्य वेळ कशी ओळखावी?

अश्वगंधा, म्हणजे आपल्याकडची आस्कंद किंवा ढोरगुंज, हे मुळांसाठी घेतले जाणारे औषधी पीक आहे. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत, कमी पाण्यात येते आणि जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. पेरणी ते फुलोरा या काळात फारशी अडचण येत नाही. खरा प्रश्न येतो तो काढणीच्या वेळी. भाजीपाल्यासारखी तोडणी यात नाही. झाड एकदाच उपटायचे असते. मूळ कोवळे निघाले तर ते पुन्हा जमिनीत लावता येत नाही आणि निबर झाले तर त्याचा पिठूळपणा परत आणता येत नाही. पाच-सहा महिन्यांच्या मेहनतीचा भाव या एका निर्णयावर ठरतो.

दिवस मोजावेत, पण त्यावर थांबू नये

अश्वगंधा साधारणपणे पेरणीनंतर 150 ते 180 दिवसांत काढणीस येते. 20 ऑगस्टला पेरणी केली असेल, तर हा काळ जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येतो. म्हणजे महिनाभराचा फरक. याच महिन्यात मुळाची प्रत बदलत असते. मुरमाड, हलक्या जमिनीत ओल लवकर तुटते, त्यामुळे पीक लवकर पक्व होते. मध्यम जमिनीत किंवा उशिरा पाणी दिलेल्या शेतात तेच वाण मागे राहते. म्हणून शेजाऱ्याने काढणी सुरू केली, एवढ्यावरून आपण सुरू करू नये. दिवसांचा हिशेब हा तपासणी कधी सुरू करायची, हे कळण्यासाठी आहे. 135 दिवस झाले की शेतात फिरून पाहायला लागावे.

जमिनीवरची लक्षणे

- फळे: अश्वगंधेचे फळ वाटाण्याएवढे असते आणि रसभरीसारख्या कागदी वेष्टणात असते. सुरुवातीला वेष्टण हिरवे व फळ हिरवे असते. पक्वतेच्या वेळी वेष्टण वाळून भुरके होते आणि आतले फळ पिवळसर-नारिंगी होऊन लाल होते. वेष्टण फोडूनच पाहावे, बाहेरून अंदाज करू नये.
- पाने: खालची पाने आधी पिवळी पडतात, वाळतात आणि गळू लागतात. हळूहळू ही पिवळी झाक वर सरकते.
- शेंडा: नवीन फूट आणि नवीन फुले येणे जवळजवळ थांबते.

ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली पाहिजेत. फक्त पाने पिवळी पडली म्हणून काढणी करणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. पाण्याचा ताण, मूळकूज, लाल कोळी किंवा पाने खरवडणारे हड्डा भुंगेरे यांमुळेही पाने पिवळी पडून गळतात. अशा झाडाची फळे हिरवीच असतील, तर ते झाड पक्व झालेले नसून आजारी आहे. याउलट, अवकाळी पाऊस झाला किंवा उशिरा पाणी दिले, तर पक्व झालेल्या झाडालाही नवी पालवी फुटते. तिथे पाने हिरवी दिसली तरी फळे लाल असू शकतात. अशा वेळी निर्णय मूळ पाहूनच घ्यावा.

मुळाची मोड-चाचणी

विकायचा माल जमिनीखाली आहे, त्यामुळे शेवटची खात्रीही तिथेच करावी.

1. शेतात तिरपे चालत वेगवेगळ्या ठिकाणची 8 ते 10 झाडे निवडावीत. बांधाजवळची, पाणी साचणाऱ्या जागेतली आणि रोगट झाडे वगळावीत.
2. मूळ तुटणार नाही अशा बेताने कुदळीने बाजूने माती मोकळी करून झाड काढावे.
3. मुळे झटकून, माती पुसून दोन-तीन दिवस वाळू द्यावीत. ओले मूळ लवते, त्यामुळे ताज्या मुळावर ही चाचणी फसवी ठरते.
4. मग मूळ मधोमध दोन्ही हातांनी मोडावे.

मूळ खटकन तुटले, आत पांढरेशुभ्र व पिठूळ दिसले, तर ते पक्व आहे. मूळ बारीक असून वाळताना फार आकसले, सुरकुतले आणि आतून भरीव दिसले नाही, तर ते कोवळे आहे. मोडताना धागे निघाले, मधला भाग लाकडासारखा कडक लागला, तर वेळ उलटून चालली आहे. दहापैकी सात-आठ मुळे पहिल्या प्रकारात बसली की काढणी सुरू करावी. कोवळी जास्त निघाली तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासावे.

असे का होते?

वाढीच्या काळात पानांत तयार झालेले अन्न झाड सोटमुळात पिठाच्या रूपात साठवते. फुलोऱ्यापर्यंत मूळ लांब होते, नंतर ते भरत जाते. फळे पिकेपर्यंत हा साठा चांगला झालेला असतो. त्यानंतर झाड जमिनीत जितके जास्त दिवस राहील, तितका मुळाचा गाभा काष्ठमय होत जातो. वजन थोडे वाढल्यासारखे वाटते, पण मालाची प्रत उतरते. उशिरा पाणी मिळून नवी पालवी फुटली, तर साठवलेले अन्न त्या पालवीकडे जाऊ लागते. म्हणूनच फळे रंग धरू लागली की पाणी बंद करावे.

खरेदीदार काय मागतो, ते आधी विचारा

मध्य प्रदेशातील नीमच ही अश्वगंधेची मोठी बाजारपेठ आहे. व्यापारात मुळांची प्रत लांबी, जाडी आणि आतल्या रंगावरून ठरते. साधारण प्रतवारी अशी:

- अ प्रत: लांबी 7 सेंमीपर्यंत, जाडी 1 ते 1.5 सेंमी, भरीव, ठिसूळ, आत पांढरीशुभ्र.
- ब प्रत: लांबी 5 सेंमीपर्यंत, जाडी 1 सेंमीपर्यंत, भरीव व पांढरी.
- क प्रत: लांबी 3 ते 4 सेंमी, जाडी 1 सेंमीपेक्षा कमी.

उरलेली बारीक, तुटकी, पिवळसर किंवा पोकळ मुळे हलक्या प्रतीत जातात. मात्र अर्क काढणारे कारखाने जाडीपेक्षा विथॅनोलाइड या घटकांचे प्रमाण पाहतात आणि त्यासाठी नमुन्याची तपासणी करतात. म्हणून पेरणीपूर्वीच, निदान मोड-चाचणीच्या वेळी तरी, खरेदीदाराला नमुना दाखवून बोलून घ्यावे. सगळे शेत उपटल्यावर ही बोलणी आपल्या हातात राहत नाहीत.

काढणी व वाळवणी

- बियाणे ठेवायचे असल्यास निरोगी झाडांची लाल फळे आधी तोडून वेगळी वाळवावीत.
- जमीन फार कडक असेल तर काढणीपुरती हलकी ओल करावी आणि वाफसा येताच झाडे मुळासकट काढावीत. भिजवून शेत तसेच सोडू नये. पाऊस पडून गेला असेल तर वाफशाची वाट पाहावी.
- मोठ्या क्षेत्रात नांगराने मुळे उघडी करून वेचता येतात. मूळ जितके अखंड, तितकी प्रतवारी चांगली.
- खोड मुळाच्या डोक्यापासून 1 ते 2 सेंमी वर कापावे. बारीक तंतुमुळे छाटावीत. लांब मुळांचे 7 ते 10 सेंमीचे तुकडे करावेत.
- ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवावे. रात्री दव पडत असल्याने झाकावे. ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आला की प्रतवारी करून कोरड्या जागी साठवावे. ओल राहिलेल्या मुळांना बुरशी लागते आणि पांढरा रंग जातो.
- पाने व खोड मुळांत मिसळू देऊ नयेत. अश्वगंधेची पाने औषधी उत्पादनात वापरू नयेत, अशी सूचना आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना दिली आहे. पाला मिसळलेला माल नाकारला जाऊ शकतो.

परसबागेतील झाडे

घरी चार-सहा झाडे असतील तर सगळी एकदम उपटू नयेत. फळे लाल झाल्यावर एक झाड काढून मोड-चाचणी घ्यावी, मगच बाकीची काढावीत. घरची मुळे असली तरी ती औषध आहेत. मात्रा वैद्यांच्या सल्ल्यानेच ठरवावी. गरोदर स्त्रियांनी आणि थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी स्वतःहून घेऊ नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: गटातील सर्व शेतांना काढणीची एकच तारीख देऊ नये. पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार आणि शेवटच्या पाण्याची तारीख प्रत्येक शेताची वेगळी नोंदवावी आणि मोड-चाचणी शेतकऱ्याच्या हातून करून घ्यावी. एकदा पक्व, कोवळे आणि निबर अशी तिन्ही मुळे स्वतः मोडून पाहिली की पुढच्या हंगामात शेतकऱ्याला कोणाला विचारावे लागत नाही.