मनानं की बघून?

‘‘छान आहे. मनानं काढलंस की बघून?’’ मुलानं चित्र पुढे केलं की मोठ्यांच्या तोंडून हा प्रश्न येतोच. मूल खरं ते सांगतं, ‘‘फोटो बघून.’’ त्यावर ‘‘असं होय’’ म्हणून कागद टीपॉयवर ठेवला जातो आणि चहाची चौकशी सुरू होते. मूल बघत असतं. पुढच्या वेळी ते एकतर खोटं सांगतं, नाहीतर चित्र दाखवतच नाही. चाळिशी-पन्नाशीत हौसेनं चित्रकला शिकायला येणाऱ्यांच्याही मनात हेच बसलेलं असतं. कुणी मागे येऊन उभं राहिलं की हात आधी मोबाइल पालथा घालायला जातो.

‘खरा चित्रकार मनातून काढतो, बघून काढणं ही नुसती नक्कल’ हा समज इतका पक्का आहे की तो कुणाला तपासावासाही वाटत नाही. मला त्याची चीड येते, कारण शिकायचा सगळ्यात सरळ रस्ता तो सुरुवातीलाच बंद करून टाकतो.

मनातून म्हणजे नेमकं कुठून? एक साधा प्रयोग करा. समोर काहीही न ठेवता सायकल काढा. चौकट, पायडल, चेन, सगळं जागच्या जागी. लिव्हरपूल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ रिबेका लॉसन यांनी २००६ साली याच विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सायकल आयुष्यभर पाहिलेली माणसंही चुकली. कुणी चेन दोन्ही चाकांना जोडली, कुणी चौकट अशी काढली की हँडल वळणारच नाही. डोळ्यांपुढून रोज जाणारी वस्तू आपल्याला ओळखता येते, पण ती कशी जोडलेली आहे हे मनात साठलेलं नसतं. जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून येणार?

मोठे कलावंतही यातून सुटत नाहीत. आल्ब्रेख्त ड्यूररचं १५१५ सालचं गेंड्याचं चित्र जगप्रसिद्ध आहे. तो गेंडा आपल्याकडचाच. गुजरातच्या सुलतानानं तो पोर्तुगीजांना भेट दिला, १५१५च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजानं निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोचला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या ड्यूररनं तो कधीच पाहिला नाही. त्याच्यापर्यंत आलं ते एक लेखी वर्णन आणि कुणीतरी केलेलं एक रेखाटन. उरलेलं त्यानं कल्पनेनं भरलं, आणि गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखे दिसू लागले, खांद्यावर एक जादा शिंगही उगवलं. हात ड्यूररचा होता, त्यामुळे चित्र देखणं झालं. गेंडा मात्र चुकला, आणि तो चुकीचा गेंडा युरोपातल्या पुस्तकांतून पुढे दोनशेहून अधिक वर्षं छापला जात राहिला.

‘‘पण एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतोच की,’’ असं काही पालक सांगतात. असतो. त्याच परीक्षेत वस्तुचित्राचाही पेपर असतो, आणि तिथे समोर मांडलेली वस्तू बघूनच काढायची असते. दोन्ही पेपर शेजारी-शेजारी आहेत ते उगाच नाही. बाजाराचं स्मरणचित्र चांगलं जमतं ते भाजीच्या पाट्या, हातगाडी, ओणवी बसलेली माणसं आधी भरपूर बघून काढलेल्या मुलाला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकोक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक स्मरणशक्तीवर भर देण्याबद्दल प्रसिद्ध होते. शिल्पकार रोदँ त्यांचा विद्यार्थी. त्यांच्याही पद्धतीत आधी बारकाईनं बघणं आणि मग ते झाकून काढणं असाच क्रम होता.

नवशिक्याचं चित्र बिघडतं कशामुळे? बहुतेक जण म्हणतात, ‘‘माझा हातच वळत नाही.’’ डेल कोहेन आणि सुझन बेनेट या अमेरिकन संशोधकांनी १९९७ साली नेमकं हेच तपासलं, आणि तेही लोकांना फोटो बघून चित्रं काढायला लावून. त्यांचा निष्कर्ष असा की हाताच्या कौशल्याचा वाटा अगदी थोडा. मुख्य चूक होते ती समोरची गोष्ट चुकीची दिसण्यात. सही करणारा, सुईत दोरा ओवणारा हात चित्रापुरता पुरेसा तयार असतो. तयार नसते ती नजर.

आजीचा एखादा समोरून काढलेला फोटो घ्या. पट्टीनं डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजा आणि मधोमध खूण करा. डोळे जवळपास त्या खुणेवर येतील. आता तुम्ही न मोजता काढलेला चेहरा बघा. डोळे वर सरकलेले असतील, कपाळ दोन बोटांचं उरलं असेल. आपलं लक्ष नाका-डोळ्यांवर असतं म्हणून मन त्यांना जास्त जागा देतं आणि कवटी कापून टाकतं. मग डोळ्याकडे या. आपण बदामाचा आकार काढून मध्ये पूर्ण गोल बुबुळ ठेवतो, त्यामुळे आजी दचकल्यासारखी दिसते. फोटोत बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला आहे. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नाही, पापणीच्या सावलीनं तो करडा झालाय, काही ठिकाणी तर गालापेक्षाही गडद आहे. नाकाला बाजूची रेघच नाही. एका बाजूला सावलीचा एक पट्टा आहे आणि खाली नाकपुडीचा ठिपका. दात सुटे सुटे काढले की कवळी दिसते, कारण फोटोत दातांमधल्या रेघा जवळजवळ नाहीतच. एका फोटोतून एवढं कळतं, ते याआधी पन्नास चेहरे ‘मनानं’ काढून कळलेलं नसतं.

फोटोचा आधार घेणं कमीपणाचं मानणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. फ्रेंच चित्रकार देलाक्रवानं १८५४च्या सुमारास छायाचित्रकार द्यूरिय याच्याकडून मॉडेल्सचे फोटो काढून घेतले आणि त्यांवरून रेखाटनं केली. देगानं छायाचित्रकार मायब्रिजच्या घोड्यांच्या फोटोंवरून अभ्यास केला. त्या फोटोंची गरज किती होती ते झेरिकोच्या १८२१च्या ‘एप्सम डर्बी’ या चित्रात दिसतं. तिथे घोडे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत तरंगतायत. १८७८ साली मायब्रिजच्या कॅमेऱ्यानं दाखवून दिलं की धावताना घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. व्हॅन गॉगनं १८८८ साली आईचं व्यक्तिचित्र केलं ते फोटोवरून, कारण तो रंगहीन फोटो त्याला बघवत नव्हता. आपल्याकडे राजा रविवर्मा व्यक्तिचित्रांसाठी फोटोंचा आधार घेत. अमेरिकेतला थॉमस ईकिन्स तर फोटो कॅनव्हासवर प्रक्षेपित करून खुणा करून घेत असे. त्यानं हे गुपित ठेवलं; रंगाखालच्या त्या बारीक खुणा संवर्धकांनी उजेडात आणल्या तेव्हा विसावं शतक संपलं होतं. लपवावंसं वाटण्याची ती शरम आजही चालूच आहे.

या गैरसमजात सत्याचा एक अंश आहे, तोही सांगायला हवा. फोटो डोळ्यासारखं बघत नाही. त्याला एकच डोळा असल्यानं खोली हरवते. भर उन्हातल्या फोटोत सावल्या काळ्याठिक्कर होतात. प्रत्यक्षात त्याच सावलीत आपल्याला रंग दिसत असतात. चेहऱ्याचं तर फार नुकसान होतं. २०१८ साली अमेरिकन संशोधकांच्या एका गटानं गणितानं दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळपास ३० टक्के जास्त रुंद दिसतं. ५ फुटांवर हा फरक जवळजवळ राहत नाही. नवशिके नेमका सेल्फीच समोर घेतात आणि ‘‘चेहरा जमत नाही’’ म्हणून हळहळतात. पाच-सहा फुटांवरून, खिडकीचा उजेड एका बाजूनं पडेल असा, फ्लॅश आणि फिल्टरशिवाय फोटो काढा. निम्मा त्रास तिथेच संपतो.

म्हणून शक्य तेव्हा प्रत्यक्ष बघून काढाच. घरातला तांब्या, कुंडी, झोपलेलं मांजर यांना तोड नाही. पण रात्री अकरा वाजता, एका खोलीच्या घरात, दिवसभराचं काम आटपून बसलेल्या माणसासाठी तास-दीड तास न हलता कोण बसणार? फोटो बसतो. उजेड सरकत नाही, मॉडेल कंटाळत नाही, पैसे लागत नाहीत.

फक्त फोटो समोर ठेवून एका कोपऱ्यापासून भुवईचे केस मोजत खाली येऊ नका. सुरुवात डोळे किलकिले करून करा. बारकावे विरघळतात आणि चार-पाच मोठे आकार उरतात. ते आकार पांढरा, करडा आणि काळा अशा तीनच छटांत, हाताच्या पंज्याएवढ्या कागदावर मांडा. कुठला भाग कुठल्या छटेत टाकायचा ते समजेना तर मोबाइलवर फोटो कृष्णधवल करून बघा. मग उभी पट्टी धरून ओळंबा बघा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली नाकपुडी येते का, ओठाचा कोपरा कशाच्या खाली आहे? हात आणि कमरेच्या मधली मोकळी जागा हाही एक आकारच आहे, तो आधी काढला की हात आपोआप नीट येतो. अडलात तर फोटो आणि कागद दोन्ही उलटे करा. बेटी एडवर्ड्स यांनी १९७९च्या आपल्या पुस्तकात हा व्यायाम लोकप्रिय केला. उजव्या-डाव्या मेंदूची त्यांची मांडणी आता फारच ढोबळ मानली जाते, पण व्यायाम चालतो, कारण उलटं नाक ‘नाक’ म्हणून ओळखू येत नाही आणि मग आपण नाइलाजानं आकारच बघतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. चित्र झालं की फोटो बंद करा आणि तोच विषय आठवणीतून पुन्हा काढा. मग फोटो उघडून चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी त्याच वस्तूचा वेगळ्या कोनातला फोटो घ्या. ‘मनानं’ काढणं ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी मला माहीत असलेला सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच.

आता किरकोळ समज. चौकोन आखून काढणं वाईट नाही, सिनेमाचे प्रचंड बॅनर असेच रंगवले जात. पण प्रत्येक चित्र चौकोनांतून केलं तर अंदाज कधीच येणार नाही. ट्रेसिंगनं रेघ मिळते, नजर मिळत नाही. ट्रेस करून लगेच हातानं काढा आणि दोन्ही एकमेकांवर धरून तपासा. हुबेहूब फोटोसारखं येणं म्हणजे शिक्षण पूर्ण झालं, असं नाही. शेडिंग बोटानं घासून गुळगुळीत केलं की चित्र चांगलं होत नाही, मळतं.

शेवटचा समज मात्र महागात पडू शकतो: ‘नेटवरचा फोटो सगळ्यांचाच.’ भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि छायाचित्राला छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण मिळतं. घरी बसून सरावासाठी काढा, कुणी विचारणार नाही. पण दुसऱ्याच्या फोटोवरून केलेलं चित्र विकायचं असेल तर परवानगी लागते, आणि ‘वीस टक्के बदल केला की चालतं’ असं कलम कायद्यात कुठेही नाही. अँडी वॉरहॉलसारख्या मोठ्या नावालाही सूट मिळाली नाही. लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून त्यानं केलेलं चित्र त्याच्या संस्थेनं मासिकाला वापरायला दिलं, त्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली छायाचित्रकाराच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हा प्रदर्शनात मांडायच्या, विकायच्या चित्रांसाठी फोटो स्वतः काढा. दुसऱ्याचा घेतलात तर आधी विचारा, आणि चित्राखाली ‘अमुक यांच्या छायाचित्रावरून’ असं स्वच्छ अक्षरांत लिहा.