जुन्या सायकलीला नवा फोर्क

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर गुरुग्राम मागे पडले, की अरवलीच्या ठेंगण्या टेकड्यांच्या आश्रयाने वसलेले मानेसर लागते. एके काळचे हे खेडे आज मोटारी, मोटारसायकली आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे नगर झाले आहे. मिलिमीटरच्या शतांश भागाचेही मोल असते, हे येथील कामगाराला निराळे सांगावे लागत नाही. समजा, नोकरीनिमित्त येथे येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने १९८५ च्या सुमाराची, पोलादी चौकटीची आपली रेसिंग सायकल पुन्हा वापरात आणली आहे. तिचा गंजलेला फोर्क काढून त्या जागी कार्बन तंतूंचा नवा, हलका फोर्क बसवावा, असे त्याच्या मनात आहे. या निवडीत त्याने कशाचा विचार करावा?

पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेले असते, तो सायकलीचा फोर्क होय. उत्तरेकडील मिस्त्री त्याला चिमटा म्हणतात. साखळी तुटली तर सायकल थांबते; परंतु फोर्क तुटला तर स्वार तोंडावर आपटतो. बोरघाटासारख्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला, की स्वाराचा बहुतेक भार पुढच्या चाकावर येतो आणि तो सारा फोर्कला पेलावा लागतो. म्हणून फोर्कची निवड वजनावरून किंवा रंगावरून करावयाची नसून ती मोजमापाने करावयाची असते.

पहिले माप फोर्कच्या वरच्या नळीचे. ही नळी चौकटीच्या पुढील उभ्या नळीतून वर जाऊन हँडलला मिळते. जुन्या रेसिंग सायकलींत तिचा व्यास बहुधा एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असे. पुढे सव्वा इंचाहून किंचित कमी, म्हणजे २८.६ मिलिमीटरची नळी रूढ झाली आणि अलीकडे खाली दीड इंचापर्यंत रुंदावणाऱ्या नळ्या आल्या. एक इंची फोर्कसाठी केलेल्या चौकटीच्या नळीचे आतील तोंड सुमारे ३० मिलिमीटरचे असते. त्यात २८.६ मिलिमीटरची नळी शिरेल खरी, पण बेअरिंगला जागा उरणार नाही. मोठ्या तोंडाच्या चौकटीत जोडतुकड्यांच्या साह्याने लहान नळी बसवता येते. लहान तोंडात मोठी नळी मात्र बसत नाही. व्हर्निअर कॅलिपर लावल्यावाचून खरेदीला निघू नये, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट आट्यांची. जुन्या पोलादी नळीला वर आटे असत आणि बेअरिंगची वाटी त्यांवर फिरवून घट्ट करीत. कार्बनच्या नळीला आटे पाडता येत नाहीत. त्यामुळे वरच्या बेअरिंगचा संच आणि हँडल धरणारा स्टेम हे दोन्ही बदलावे लागतात. नव्या स्टेमचे तोंड ३१.८ मिलिमीटरचे असेल, तर जुने हँडलही त्यात बसत नाही. एका फोर्कपायी असा खर्चाचा विस्तार होतो. पाय कार्बनचे आणि नळी धातूची असे फोर्कही मिळतात. काही वेळा तोच मध्यममार्ग शहाणपणाचा ठरतो.

तिसरे माप उंचीचे आणि चौथे वाकाचे. या दोहोंवर सायकलीचा स्वभाव ठरतो. ढकलगाडीचे लहान चाक आपल्या खुंटाच्या मागे फरफटत जाते आणि म्हणूनच सरळ राहते. सायकलीचे पुढचे चाकही, हँडलचा आस जमिनीला जेथे भिडेल त्या बिंदूच्या मागे टेकलेले असते. हे अंतर जितके अधिक, तितकी सायकल सरळ जाण्याकडे झुकते. जितके कमी, तितकी ती चटकन वळते. चौकटीच्या पुढील नळीचा कल ७३ अंश आणि फोर्कचा वाक ५० मिलिमीटर असेल, तर हे अंतर सुमारे ५० मिलिमीटर भरते. त्याच चौकटीत ४३ मिलिमीटर वाकाचा फोर्क घातला, तर ते सुमारे ५८ होते. उलट, नवा फोर्क जुन्यापेक्षा १७ मिलिमीटरने आखूड असेल, तर सायकलीचे तोंड खाली येते, कल सुमारे एका अंशाने उभा होतो आणि हेच अंतर सहा मिलिमीटरने घटते. पायडलही जमिनीच्या थोडे जवळ येतात. म्हणून जुन्या फोर्कची उंची आणि वाक ही दोन्ही मापे टिपून ठेवून, शक्यतो त्यांच्या जवळचाच फोर्क निवडावा.

पाचवी बाब चाकाची व ब्रेकची. जुन्या सायकलीला सत्तावीस इंची चाक असेल, तर त्याच्या रिमचे माप ६३० मिलिमीटर असते; आजच्या रेसिंग चाकाचे ६२२. नव्या फोर्कबरोबर पुढचे चाकही बदलणे मग ओघानेच आले. ब्रेकच्या भुजा रिमपर्यंत नेमक्या पोचतात की नाही, हेही पाहावे. टायरला पुरेशी जागा हवी. मालमोटारींनी खणलेल्या आणि गतिरोधकांनी भरलेल्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर २८ मिलिमीटरचा टायर जो आराम देतो, तो केवळ कार्बनच्या फोर्कमुळे मिळत नाही.

आता पदार्थाच्या गुणदोषांकडे वळू. कार्बनचे तंतू राळेत बसवून हा फोर्क घडवलेला असतो. तंतूंच्या दिशेने तो विलक्षण बळकट. परंतु चिरडणे किंवा आडवा घाव त्याला सोसत नाही. पोलाद मोडण्यापूर्वी बहुधा वाकते आणि सूचना देते. कार्बन बऱ्याचदा सूचनेवाचून तुटतो. यास्तव कोणाकडून किती आपटला हे ठाऊक नसलेला वापरलेला फोर्क स्वस्तात मिळाला, तरी घेऊ नये. आंतरराष्ट्रीय आयएसओ ४२१० मानकानुसार चाचणी झाल्याचा निर्वाळा न देणारा बिननावाचा मालही टाळावा. नळी कापावयाची ती बारीक दात्यांच्या करवतीने, पाइपकटरने कधीही नाही. नळीत आतून आधार देणारी खुंटी बसवावी, वंगण लावू नये आणि स्टेमचे स्क्रू उत्पादकाने छापलेल्या मर्यादेपर्यंतच, टॉर्क पान्याने आवळावे.

एवढे सर्व करून लाभ किती? पोलादी फोर्क सुमारे सातशे-आठशे ग्रॅम भरतो, कार्बनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. वाचणारे वजन अर्ध्या लिटर पाण्याहूनही कमी. स्पर्धेत उतरणाऱ्याला त्याचे मोल असेल. रोज सकाळी कामावर जाणाऱ्याच्या सायकलीची मापे जुळत नसतील, तर त्याच मापाचा नवा पोलादी फोर्क बसवून घेणे त्याच्या हिताचे आहे. मापे जुळली, खर्च झेपला आणि बसवणारा हात जाणता असला, तर मात्र जुन्या चौकटीला कार्बनचा फोर्क निर्धास्तपणे द्यावा. बसवल्यानंतरही दर पावसाळ्याअखेर आणि प्रत्येक पडझडीनंतर चाक काढून तो चांगल्या उजेडात न्याहाळावा. चीर किंवा मऊ पडलेली जागा आढळली, तर दुरुस्तीचा विचार न करता तो बदलावा.