मिठाच्या खाणीतून वर आलेला गायक

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात हचिन्सन नावाचे एक शहर आहे. तेथे जमिनीखाली सुमारे साडेसहाशे फूट खोलीवर मिठाची खाण असून, मीठ काढून घेतल्यावर रिकाम्या झालेल्या तिच्या दालनांत हॉलिवूडच्या चित्रसंस्था आपली जुनी रिळे जपून ठेवतात. उन्हाळा असो की हिमवर्षाव, खाली तपमान बदलत नाही आणि हवाही कोरडी राहते. फिल्मला आणखी काय हवे असते? एल्व्हिस प्रेस्ली या गायकाच्या जीवनावर २०२२ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची तयारी करताना बाझ लुर्मन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने कॅन्ससच्या या मिठाच्या भांडारात शोध घेतला. तेव्हा पूर्वी कोणी न वापरलेल्या चित्रणाची ६८ खोकी हाती लागली. त्या चित्रणातून सिद्ध झालेला अनुबोधपट सप्टेंबर २०२५ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला. मृत्यूनंतर ४८ वर्षांनी हा गायक पुन्हा भल्या मोठ्या पडद्यावर घामाने निथळत उभा राहिला.

जुनी फिल्म पुसून स्वच्छ केली, एवढाच याचा अर्थ असता तर त्याची विशेष दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ऑगस्ट १९७० मधील त्याच काही रात्रींच्या चित्रणातून आजवर तीन वेळा चित्रपट निघाले आणि तिन्ही वेळा पडद्यावरचा माणूस थोडा वेगळा निघाला, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे.

त्या रात्रींचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९५४ च्या जुलै महिन्यात मेम्फिस शहरातील सॅम फिलिप्स यांच्या छोट्या ध्वनिमुद्रणगृहात एकोणीस वर्षांच्या प्रेस्लीने आर्थर क्रूडप या कृष्णवर्णी गायकाचे एक गाणे आपल्या पद्धतीने गायिले. तेथून दोन वर्षांत तो सगळ्या अमेरिकेत गाजला. कृष्णवर्णीयांचे ब्लूज, त्यांच्या चर्चमधील भजने आणि गोऱ्या खेडुतांची गाणी यांचा मेळ त्याच्या गळ्यात बसला होता. गोऱ्या तरुणाने ते गायिल्यामुळे पैसा आणि कीर्ती त्याला मिळाली, क्रूडपसारखे मूळ धनी मात्र उपेक्षित राहिले, हा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो आणि तो निराधार नाही. पुढे १९५८ ते १९६० ही दोन वर्षे लष्करात गेली. त्यानंतरचे सबंध दशक व्यवस्थापक टॉम पार्कर याने ठरविलेल्या चित्रपटांत गेले. १९५६ ते १९६९ या काळात प्रेस्लीचे एकूण ३१ कथापट झाले. त्यांतील बहुतेकांविषयी न बोललेले बरे. जो रंगमंचावर उभा राहिला की सभागृह पेटत असे, तो १९६१ नंतर सात वर्षे जाहीर कार्यक्रमातच दिसला नाही. डिसेंबर १९६८ मधील दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ही कोंडी फोडली आणि १९६९ च्या ३१ जुलैला लास व्हेगासच्या नव्या इंटरनॅशनल हॉटेलात तो पुन्हा श्रोत्यांसमोर आला. चार आठवड्यांत त्याने ५७ प्रयोग केले.

पुढच्याच वर्षी एमजीएम कंपनीने तेथे कॅमेरे नेले. दिग्दर्शक डेनिस सँडर्स हा अनुबोधपटांचा जाणकार होता, तर छायालेखक लुसियन बॅलार्ड हा मोठमोठ्या वेस्टर्न चित्रपटांचा अनुभवी कारागीर. नोव्हेंबर १९७० मध्ये ‘दॅट्स द वे इट इज’ या नावाने तो चित्रपट प्रदर्शित झाला. सँडर्सने त्यात गायकाइतकीच जागा त्याच्या चाहत्यांना दिली होती. लक्झेंबर्गला भरलेला चाहत्यांचा मेळावा, हॉटेलातील नोकरमाणसे, आपल्या भक्तीची कारणे गंभीरपणे सांगणारी तरुण मंडळी हे सारे त्यात होते. गाणी ऐकायला आलेल्या प्रेक्षकाला ते रसभंग करणारे वाटले; एक गाणे रंगात येते न येते तोच पडद्यावर कोणी अनोळखी बाई बोलू लागे.

ही तक्रार तीस वर्षे टिकली. २००१ साली रिक श्मिडलिन याने मूळ साहित्यावरून चित्रपटाचे नव्याने संकलन केले. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची १९९८ मध्ये पुनर्रचना करणारा हाच गृहस्थ होय. त्याने चाहत्यांच्या मुलाखती जवळजवळ सगळ्या काढल्या, गाणी वाढविली, मूळ ध्वनिफितींवरून आवाजाची जुळणी पुन्हा केली आणि जुलैमधील तालमींचा भाग अधिक सविस्तर घातला.

या तालमी हीच या साऱ्या खटाटोपातील खरी कमाई होय. हॉलिवूडजवळच्या स्टुडिओतील एका खोलीत पाचसहा वादक आहेत. जेम्स बर्टनच्या हाती गिटार, रॉनी टटपुढे ढोल. मध्ये बसलेला पस्तिशीचा माणूस मोठ्याने हसतो, शब्द मुद्दाम बिघडवून सोबत्यांची थट्टा करतो, आणि पुढच्याच क्षणी हाताच्या एका खुणेने लय बदलून घेतो. बीटल्सच्या ‘गेट बॅक’ची सांगड तो आपल्या जुन्या ‘लिटल सिस्टर’शी घालतो, आणि दोन्ही गाणी एकाच घरातली असल्यासारखी वाटू लागतात. नोटेशनचा कागद न लिहिता कोणते वाद्य कोठे यावे, कोठे थांबावे, हे हा माणूस कानाने ठरवीत आहे. प्रेस्ली म्हणजे गोंडस चेहरा आणि हलणारी कंबर. डोके पार्करचे आणि कला साथीदारांची, असा जो समज शिकलेल्या वर्गात दीर्घकाळ होता त्याला ही काही मिनिटे पुरेसे उत्तर देतात. तालमीतून गाणे रंगमंचावर येते तेव्हा मागे मोठा वाद्यवृंद असतो आणि स्वीट इन्स्पिरेशन्स हा कृष्णवर्णी गायिकांचा चमू असतो. त्यांनी उचललेल्या सुरावर तो ज्या आनंदाने झेप घेतो, त्यावरून आपले गाणे कोठून आले याची त्याला पुरती जाण होती, असे दिसते. अर्थात जाण असणे निराळे आणि देणे फेडणे निराळे. क्रूडपचा प्रश्न या आनंदाने मिटत नाही.

मात्र चाहत्यांना कात्री लावून श्मिडलिनने काहीतरी गमावलेही आहे. सँडर्सच्या चित्रपटातील ती बडबडी माणसे रसभंग करीत, हे खरे. पण हा गायक कोणासाठी गातो आणि त्या लोकांनी त्याचे काय करून ठेवले आहे, हे त्यांच्यामुळेच कळे. ‘लव्ह मी टेंडर’च्या वेळी तो मंचावरून खाली उतरतो, बायका त्याला ओढून त्याचे चुंबन घेतात, आणि तो हसतमुखाने एकीकडून दुसरीकडे ढकलला जातो. मुलाखतींच्या शेजारी हे दृश्य पाहताना थोडी भीती वाटते. मुलाखती गेल्या की उरते ती केवळ गंमत. चित्रपट अधिक श्रवणीय झाला, पण कमी जाणता झाला, असेच म्हणावे लागेल.

लुर्मन यांच्यापुढची अडचण वेगळीच होती. खोक्यांतील चित्रण सुमारे साठ तासांचे. त्यात १९७० च्या कार्यक्रमांबरोबरच १९७२ च्या दौऱ्याचेही भाग होते. पण त्यातील बऱ्याच चित्रणाला आवाजच नव्हता. ओठ हलत आहेत, गळ्याच्या शिरा ताणल्या आहेत आणि ऐकू काहीच येत नाही! निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या ध्वनिफिती शोधून त्या चित्राशी जुळविण्यात दोनएक वर्षे गेली. चित्राची साफसफाई न्यूझीलंडमध्ये पीटर जॅक्सन यांच्या सहकाऱ्यांनी केली. कथन करण्यासाठी कोणी निवेदक नाही. प्रेस्लीच्याच जुन्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणातून त्याची कहाणी त्याच्याच तोंडून ऐकविली आहे. ही योजना उत्तम आहे. तरीही प्रत्येक फ्रेम इतकी लखलखीत झाली आहे की १९७० सालच्या त्या सभागृहातील सिगारेटचा धूर आणि फिल्मचे रवे कोठे गेले, असे विचारावेसे वाटते. जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार करताना भिंतींना तैलरंग फासण्याचा प्रकार आपल्याकडे परिचयाचा आहे. येथे गोष्ट त्या थराला गेलेली नाही, इतकेच.

जतनाच्या बाबतीत मात्र अमेरिकनांचा हेवा वाटावा अशी स्थिती आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, त्याआधीच आपले पुष्कळसे धन नष्ट झालेले होते. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत शिल्लक नाही, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ अपुरा उरला आहे, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. एमजीएमची मालमत्ता दोनतीन मालकांच्या हातांतून वॉर्नर ब्रदर्सकडे गेली, तरी या साऱ्या उलाढालीत ती खोकी कोणी फेकून दिली नाहीत, याचे श्रेय कलाप्रेमाला नव्हे तर व्यापारी हिशेबाला द्यावे लागेल.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवा. इंटरनॅशनल हॉटेलशी पार्करने केलेला करार आठवड्याला सव्वा लाख डॉलरचा होता आणि सुरुवातीला तो गायकाचा विजय वाटला. पुढे डिसेंबर १९७६ पर्यंत लास व्हेगासमध्ये त्याचे सहाशेहून अधिक प्रयोग झाले. बहुतेकदा रात्री दोन. १९५७ मधील कॅनडातील तीन शहरे सोडली तर परदेशात तो कधीही गायिला नाही. पार्कर हा मूळचा हॉलंडमधील ब्रेडा गावचा, कागदपत्रांविना अमेरिकेत आलेला आणि पासपोर्ट नसलेला माणूस होता, हे लोकांना नंतर कळले. गायकाच्या उत्पन्नातील निम्मा वाटाही तो घेत असे. ऑगस्ट १९७० च्या चित्रणात दिसणारे दिवे, पांढरा पोशाख आणि टाळ्या हा त्या पिंजऱ्याचा पहिला, सोनेरी भाग होता.

शेवटचा भागही चित्रित झालेला आहे. १९७७ च्या जून महिन्यात, मृत्यूच्या दोन महिने आधी, सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने ओमाहा आणि रॅपिड सिटी येथील त्याचे कार्यक्रम टिपले. अंग सुजलेले, श्वास अपुरा. ‘माय वे’ हे गीत तो हातातील कागदावर पाहून म्हणतो, आणि तरीही मधूनच आवाज असा उसळतो की ऐकणारा सावरून बसतो. १६ ऑगस्टला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो वारला. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी हा कार्यक्रम प्रसारित झाला आणि अखेरीस त्याचे वडील व्हर्नन प्रेस्ली यांनी पडद्यावर येऊन लोकांचे आभार मानले. त्यातील काही तुकडे नंतर इतर अनुबोधपटांत आले; सबंध कार्यक्रम मात्र अधिकृतपणे घरी पाहण्यासाठी कधीच विक्रीस आला नाही. १९७० च्या रिळांवर तीनदा कष्ट घेण्यात आले. या रिळांच्या वाट्याला तसे कष्ट आलेले नाहीत.