एकच निर्बंध, अनेक वाटा

भाषावैज्ञानिक चॉम्स्की आणि हॅले यांनी १९६८ मध्ये नियममालिकांची पद्धत रूढ केली : शब्दाच्या मूळ रूपावर एकामागून एक नियम लावून त्याचा उच्चार मिळवायचा. तिची उणीव किसेबर्थ यांनी १९७० मध्ये दाखवली. कॅलिफोर्नियातील योवलुमने भाषेत कोठे स्वर शिरतो, कोठे व्यंजन गळते, आणि हे सारे तीन व्यंजने लागोपाठ येऊ नयेत म्हणून घडते. पण तो हेतू व्याकरणात कोठेच नोंदवता येत नव्हता.

तो नोंदवण्याची सोय प्रिन्स आणि स्मोलेन्स्की यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या इष्टतमता सिद्धान्ताने केली. या सिद्धान्तानुसार निर्बंध, म्हणजे उच्चारावरील अटी, सर्व भाषांत तेच असतात, ते एकमेकांशी भांडतात आणि मोडताही येतात. भाषाभेद उरतो तो त्यांच्या अग्रक्रमात : वरचा निर्बंध पाळण्यासाठी खालचा मोडला जातो. तीन निर्बंधांचे सहा क्रम लागतात, पाचांचे एकशेवीस, मात्र त्यांतील अनेक क्रमांतून एकच भाषा निष्पन्न होते.

या सिद्धान्ताचे खरे वैभव दुरुस्त्यांच्या वैविध्यात आहे. शब्दारंभी जोडव्यंजन नको, हा निर्बंध घ्यावा. प्रमाण मराठीत मूळ रूपाशी निष्ठा राखण्याचा निर्बंध त्याच्या वर असल्याने ‘स्टेशन’ जसेच्या तसे उच्चारले जाते. ग्रामीण मराठीतील ‘ठेसन’मध्ये निर्बंध वर चढतो आणि नवा स्वर घालण्यापेक्षा आरंभीचा सकार सोडणे परवडते, संस्कृत ‘स्थान’चे प्राकृतात ‘ठाण’ झाले, तेव्हाही सकार असाच गेला होता. हिंदी पट्ट्यातील ‘इस्टेशन’मध्ये काहीच गळत नाही, ‘स’ आणि ‘ट’ यांचा शेजारही टिकतो, पण शब्द स्वराने सुरू होतो. पंजाबी ‘सटेशन’मध्ये आरंभ व्यंजनानेच होतो, मात्र तो शेजार तुटतो. प्रत्येक बोली काही राखते आणि त्यासाठी काही गमावते.

अग्रक्रम म्हणजे सामग्रीचेच पुनर्कथन, अशी टीका एक पंथ वर्षानुवर्षे करत आला आहे. ती टिकत नाही, कारण हा सिद्धान्त काय अशक्य आहे हेही सांगतो : अक्षराचा आरंभ व्यंजनाने करण्यास मनाई करणारी भाषा कोणत्याही क्रमातून निघत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील अरेर्न्ते भाषा नेमकी तशी असल्याचा दावा ब्रीन आणि पेन्सल्फिनी यांनी १९९९ मध्ये केला आणि त्यावर वाद झाला. ज्या सिद्धान्ताला एखादी भाषा अडचणीत आणू शकते, त्याला पोकळ म्हणता येत नाही. मूळ नियम पुढील बदलामुळे झाकला जातो अशा अपारदर्शक उदाहरणांत हा सिद्धान्त अडखळतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

खंत मात्र सिद्धान्ताची नाही, त्यासाठी लागणाऱ्या सामग्रीची आहे. भाषातज्ज्ञ अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात कुडाळी आणि महाडची कुणबी या बोली प्रत्यक्ष ऐकून नोंदवल्या. आज प्रबंधांत अग्रक्रमांचे तक्ते वाढले असून त्यांतील उदाहरणे एका पुस्तकातून दुसऱ्यात फिरत राहतात. ‘ठेसन’ म्हणणारी पिढी थकत चालली आहे, तेव्हा भाषाविज्ञान विभागांनी तक्ते क्षणभर बाजूला ठेवून वक्त्याचे गाव आणि वय यांसह या उच्चारांची ध्वनिमुद्रणे आताच हाती घ्यावीत.