भीमगीताचा व्हिडिओ: खर्च कलावंताचा, मग कमाई कोणाची?

मार्च उजाडला की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये गायकांची धावपळ सुरू होते. १४ एप्रिलच्या आत नवे गाणे यायला हवे आणि आता नुसते गाणे चालत नाही, त्याचा व्हिडिओ लागतो. कोणी चिखलदऱ्याला जाऊन शूटिंग करतो, कोणी विहारासमोर, तर कोणी इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ. स्टुडिओचे भाडे, कॅमेरावाला, एडिटिंग, गाडीभाडे, सोबतच्या पोरांचे जेवण, सगळे खिशातून. खिसा रिकामा असेल तर उसनवारी. एवढे करून गाणे यूट्यूबवर फुकट ऐकायला ठेवायचे! मग हा खटाटोप कशासाठी? गायकाला त्यातून नेमके काय मिळते आणि काय मिळायला हवे, पण मिळत नाही? गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या, दोघांनीही हे समजून घेतले पाहिजे.

जलशापासून मोबाइलपर्यंत

आपल्या चळवळीत गाणे हे नेहमीच प्रचाराचे साधन राहिले आहे. सत्यशोधक जलशांची परंपरा आंबेडकरी जलशांनी पुढे नेली. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार न वाचता येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवला. पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी गावोगाव फिरून हजारो गीते लिहिली आणि गायली. त्या काळी गायकाची ओळख एकच होती, ती म्हणजे त्याचा प्रत्यक्ष कार्यक्रम. ज्या गावात तो गेला, तिथेच तो माहीत झाला.

मग कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि नंतर आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांचा आवाज कॅसेटमुळे घराघरात गेला. गायक न जाताही गाणे जाऊ लागले. पण कॅसेट कंपनीच्या हातात होती. काय रेकॉर्ड करायचे आणि कोणाला किती द्यायचे, हे कंपनी ठरवत असे. गीतकाराला एकदाच काहीतरी रक्कम द्यायची आणि सही घ्यायची, अशी पद्धत होती.

२००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटच्या पोराच्या हातातही व्हिडिओ चालू लागला. कंपनीच्या दारात उभे न राहता गाणे लोकांसमोर ठेवता येऊ लागले. व्हिडिओ करण्यामागचे पहिले कारण हे आहे: मधला दरवान हटला.

व्हिडिओ म्हणजे सुपारी मिळवण्याचे साधन

आपल्या बहुतेक गायकांचे पोट यूट्यूबवर नाही, कार्यक्रमांवर चालते. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, रमाई जयंती, कुठे विहाराचे उद्घाटन, कुठे नामकरण किंवा लग्न. या तारखांना मिळणारी सुपारी म्हणजे वर्षाची कमाई. अकोल्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास भरणाऱ्या धम्म मेळाव्याला जिल्ह्याभरातून लोक येतात. अशा दिवसांत कोणत्या गायकाला बोलवायचे हे मंडळ कसे ठरवते? पूर्वी कोणीतरी ऐकलेले असायचे. आता मंडळाचा अध्यक्ष म्हणतो, "लिंक पाठवा."

म्हणजे व्हिडिओ हे गायकाचे ओळखपत्र आहे. त्यात आवाज ऐकू येतो, उभे राहण्याची ढब दिसते, शब्द कळतात. व्हिडिओवर झालेला खर्च यूट्यूबकडून वसूल झाला नाही, तरी त्यामुळे चार तारखा जास्त मिळाल्या तर तो निघतो.

छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचे उदाहरण पाहा. हातात एकतारी घेऊन दारोदार गाणाऱ्या या बाईचा साधा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ लोकांनी पुढे पाठवला आणि महाराष्ट्रभरातून कार्यक्रमांची बोलावणी आली. ड्रोन नव्हता, नाच नव्हता. पंजाबमध्ये जालंधरच्या गिन्नी माहीचे असेच झाले. व्हिडिओंमुळे तिचे नाव राज्याबाहेर आणि देशाबाहेर गेले. आपल्या अमरावतीचा विपिन तातड जातिविरोधी रॅप करतो. रॅपला ना गावच्या कार्यक्रमात जागा होती, ना कॅसेटमध्ये. व्हिडिओ नसता तर या प्रकाराला ऐकणारे मिळणेच कठीण होते.

यूट्यूबचा हिशेब

अनेक पोरांना वाटते, लाख व्ह्यू झाले की पैसे सुरू. तसे नसते. जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी चॅनलचे किमान १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यू. ही अट पूर्ण झाल्यावर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नातून ५५ टक्के चॅनलला मिळतात, शॉर्ट्सच्या वाट्यातून ४५ टक्के. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत.

इथे एक शब्द नीट वाचा: पैसे *चॅनलला* मिळतात. गायकाला नाही, गीतकाराला नाही, ढोलकी वाजवणाऱ्याला तर नाहीच. ज्याच्या चॅनलवर गाणे आहे, त्याला. गायकाने स्वतःच्या खर्चाने व्हिडिओ केला आणि "आमचे सबस्क्रायबर जास्त आहेत" म्हणणाऱ्या दुसऱ्याच्या चॅनलला दिला, तर खर्च याचा आणि कमाई त्याची. प्रसिद्धी मिळते हे खरे, पण ती किती किमतीला घेतली हे आधी ठरलेले असावे.

मोठ्या नावांनाही हा फटका बसतो. तमिळ रॅपर अरिवु आणि गायिका धी यांचे 'एन्जॉय एन्जामी' हे २०२१ चे गाणे जगभर गाजले. भूमिहीन शेतमजुरांचा इतिहास सांगणारे हे गाणे. पण त्यातून आपल्याला काहीच मिळकत झाली नाही, असे संगीतकार संतोष नारायणन यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले. जिथे करोडो लोक पाहतात तिथे ही तऱ्हा असेल, तर वऱ्हाडातल्या पोराने कागद न पाहता सही करणे किती महाग पडेल?

गाणे कोणाच्या मालकीचे?

एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा हक्क संगीतकाराचा आणि रेकॉर्डिंगचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे ते तयार करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा. शिवाय गायकाला आणि वादकाला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तिचा अर्थ सोप्या भाषेत असा: गीतकार आणि संगीतकाराने हक्क कंपनीला लिहून दिला, तरी रॉयल्टीतील समान वाटा मिळण्याचा हक्क तो सोडून देऊ शकत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. हक्क देण्याचा करार लेखीच असावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. करारात वेगळे काही नसेल आणि समोरच्याने वर्षभरात त्या हक्काचा वापर केला नाही, तर तो हक्क संपतो.

गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आणि गायकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इस्रा) या नोंदणीकृत संस्था रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटतात. सभासद झाल्याशिवाय आणि आपले गाणे नोंदवल्याशिवाय तिथे आपल्या नावावर काही जमत नाही.

आता दुसरी बाजू. वामनदादांचे गीत नव्या चालीत गाऊन व्हिडिओ काढणारे अनेक आहेत. वामनदादांचे निधन २००४ मध्ये झाले. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो, म्हणजे तो २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. "समाजाचे गाणे आहे" हे भावनेने खरे असले, तरी त्या गाण्यावर जाहिरात चालवून पैसे घेताना परवानगी आणि वाटा द्यावा लागतो. आपला हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा हक्क मारू नये.

शेवटच्या कडव्यातले नाव

शाहिरी परंपरेत गीतकार शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. छापील पुस्तक नव्हते, कॅसेटचे कव्हर नव्हते, तेव्हा हीच गीतकाराची सही होती. गाणे कुठेही गेले तरी नाव सोबत जायचे. आता तीस सेकंदांच्या रीलमध्ये फक्त मुखडा वाजतो, शेवटचे कडवे कापले जाते आणि त्याबरोबर गीतकारही. व्हिडिओवर गायकाचा फोटो, नाचणाऱ्याचे नाव, "सौजन्य" म्हणून नेत्याचे नाव आणि ज्याने शब्द लिहिले तो गायब. म्हणून व्हिडिओच्या पहिल्या पडद्यावर आणि खालच्या मजकुरात गीतकार, संगीतकार आणि वादक यांची नावे टाकणे हा उपकार नाही, तो कलावंताचा हक्क आहे.

पैशापलीकडचा फायदा

तरीही व्हिडिओ फक्त धंदा नाही. भीमगीत जाहीरपणे वाजणे ही आजही काही ठिकाणी जोखीम आहे. २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवरील भीमगीताच्या रिंगटोनवरून झालेल्या वादात एका बौद्ध तरुणाचा खून झाला, हे आपण विसरलेलो नाही. ज्या समाजाची गाणी मुख्य प्रवाहातील वाहिन्यांवर अपवादानेच लागतात, त्याने आपली वस्ती, आपले विहार, आपली माणसे स्वतःच्या कॅमेऱ्याने दाखवणे ही ठाम उभे राहण्याची गोष्ट आहे. पण म्हणूनच आशयाचाही विचार हवा. महागडी गाडी, गॉगल आणि धमकीची भाषा यांनी व्ह्यू मिळतील. बाबासाहेबांनी शिकायला, संघटित व्हायला आणि संघर्ष करायला सांगितले, त्यातले काय आपल्या व्हिडिओत दिसते?

मंडळांनी आणि कलावंतांनी काय करावे?

कलावंतांनी गाणे शक्यतो स्वतःच्या चॅनलवर टाकावे. दुसऱ्याला द्यायचेच असेल तर किती वर्षांसाठी आणि किती वाट्यावर, हे एका कागदावर लिहून घ्यावे. बीट इंटरनेटवरून घेतली असेल तर तिची परवानगी जपून ठेवावी, नाहीतर दुसराच कोणी दावा ठोकतो आणि कमाई त्याच्याकडे वळते. मूळ रेकॉर्डिंग आणि व्हिडिओच्या फाइल स्वतःजवळ ठेवाव्यात.

मंडळांनी डीजेला हजारो रुपये देताना, त्या डीजेवर ज्याचे गाणे वाजते त्यालाही एखाद्या वर्षी मंचावर बोलवावे आणि बिदागी हार-शालीत न उरकता रोखीत द्यावी. वकिली करणाऱ्या आपल्या तरुणांनी जयंतीच्या आधी एक दिवस विहारात बसून कलावंतांचे करार तपासून दिले, तर ते मोठे काम होईल.

आणि ऐकणाऱ्यांनी? गाणे डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर फाइल पाठवण्याऐवजी कलावंताच्या चॅनलची लिंक पाठवावी. तेवढ्याने व्ह्यू त्याच्या खात्यात जमा होतो. वामनदादांच्या पिढीने झोळी रिकामी ठेवून चळवळीला गाणी दिली. पुढच्या पिढीची झोळीही रिकामीच राहावी, असा काही धम्माचा नियम नाही.

जय भीम, नमो बुद्धाय.