चाचींची खोली आणि शेजारणीची खिडकी

आमच्या चाची जवळजवळ पन्नास वर्षे इंग्लंडमध्ये राहत आहेत. चाचा कोकणातून आधी जहाजावर गेले, मग उत्तर इंग्लंडमधल्या एका कापड गिरणीत लागले आणि तिथेच स्थिरावले. गिरण्या बंद पडल्या, चाचाही अल्लाहला प्यारे झाले. चाची आता मुलाकडे, म्हणजे आमच्या भाईजानकडे असतात. बरीच वर्षे भाड्याच्या घरात काढल्यावर भाईजाननी दोन वर्षांपूर्वी स्वतःचे घर घेतले. त्याचे फोटो आले तेव्हा आमच्या गावच्या घरीही मिठाई वाटली गेली.

घर जुने, दोन कुटुंबांचे जोडघर. मधली भिंत एकच, अलीकडे आपण, पलीकडे शेजारी. याला तिथे सेमी-डिटॅच्ड म्हणतात. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, न्हाणीघर आणि शौचालयही वरच. चाचींचे वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षी जानेवारीत पहाटे फजरच्या वजूसाठी उठल्या आणि जिन्यावरून पडल्या. मनगट मोडले. कंबर वाचली, हीच अल्लाहची मेहरबानी.

त्याच आठवड्यात ठरले की मागच्या अंगणात घर वाढवायचे आणि चाचींसाठी खाली एक खोली, शौचालय आणि बसून वजू करता येईल अशी जागा करायची.

“मागच्या अंगणात कोण बघतो?”

ओळखीच्या ठेकेदाराने हिशोब केला आणि म्हणाला, “परवानगीच्या भानगडीत पडू नका. मागच्या अंगणात कोण बघतो? सहा आठवड्यांत खोली उभी करतो.” भाईजाननी आम्हाला फोन केला. खोटे कशाला बोलावे, आम्हीही म्हणालो, “करून टाका. चाचींचा जीव महत्त्वाचा.” आम्ही दोघे शिक्षक, वर्गात मुलांना नियम शिकवणारे. पण आपल्याकडची सवय अशी की आधी बांधायचे, मग बोभाटा झालाच तर दंड भरून नियमित करून घ्यायचे.

अडवले ते भाईजानच्या मुलीने. तिने नियम काढून वाचले आणि रात्री जेवताना सगळ्यांना समजावले. ते आम्ही इथे थोडक्यात देत आहोत, कारण आपल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी तिकडे घर घेते.

इंग्लंडमध्ये 1947 च्या कायद्यापासून जमीन तुमच्या मालकीची असली, तरी तिच्यावर बांधायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो स्थानिक कौन्सिलच्या परवानगीने मिळतो. लहान कामांना मात्र सरकारने सरसकट मुभा दिली आहे. तिला पर्मिटेड डेव्हलपमेंट म्हणतात. जोडघराच्या मागे एकमजली वाढ मूळ भिंतीपासून 3 मीटरपर्यंत असेल आणि उंचीच्या व जागेच्या अटी पाळल्या असतील, तर वेगळी परवानगी लागत नाही. सुट्या घराला ही मर्यादा 4 मीटर आहे.

यातला ‘मूळ’ हा शब्द फार महत्त्वाचा. मूळ म्हणजे घर पहिल्यांदा बांधले तेव्हा होते तसे, आणि ते फार जुने असेल तर 1 जुलै 1948 रोजी होते तसे. भाईजानच्या घरामागे आधीच्या मालकाने काचेची दोन मीटरची खोली काढली होती. आम्हाला वाटले, तिच्या पुढे तीन मीटर घ्यायचे. तसे नसते. ती खोली पाडली काय आणि ठेवली काय, फूटपट्टी मूळ भिंतीलाच लावायची.

तीन मीटरच्या पुढे, जोडघराला 6 मीटरपर्यंत, जायचे असेल तर काम सुरू करण्याआधी कौन्सिलला कळवावे लागते. याला प्रायर अप्रूव्हल म्हणतात. कौन्सिल लगतच्या शेजाऱ्यांना पत्र पाठवते आणि त्यांना किमान 21 दिवस देते. कोणाची हरकत नसेल तर मार्ग मोकळा. एकानेही हरकत घेतली, तर शेजाऱ्यांच्या उजेडावर आणि राहणीवर काय परिणाम होईल हे कौन्सिल तपासते. निर्णय 42 दिवसांत व्हायला हवा. संरक्षित जुन्या वस्तीतल्या घरांना ही सोय नाही आणि फ्लॅटला तर यातले काहीच लागू होत नाही. तिथे पूर्ण प्लॅनिंग परमिशनचा अर्ज करावा लागतो, त्याला साधारण आठ आठवडे लागतात.

आणि चोरून बांधले तर? कौन्सिल ते पाडायला लावू शकते. पूर्वी अशा बांधकामाला चार वर्षे झाली की कारवाईची मुदत संपायची. 25 एप्रिल 2024 पासून ती दहा वर्षे झाली आहे. घर विकताना घेणाऱ्याचा वकील कागद मागतो तो वेगळाच.

ठेकेदाराला नकार कळवला. मार्चमध्ये सहा मीटरचा अर्ज गेला.

हरकत

भिंतीपलीकडे एक वयस्कर इंग्रज बाई एकट्या राहतात. त्यांनी हरकत घेतली. कौन्सिलने तपासले आणि अर्ज नाकारला.

त्या दिवशी घरात जे बोलले गेले ते लिहायला बरे वाटत नाही. “आपण शेजारी नकोत तिला, दुसरे काय!” असे भाईजान म्हणाले आणि फोनवर आम्हीही हो ला हो मिळवले. तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांना असे अनुभव येतातच, म्हणून तो संशय अगदी बिनबुडाचा होता असे म्हणणार नाही. पण हरकतीचे पत्र पूर्ण वाचले होते फक्त मुलीने. त्यात एवढेच होते की या भिंतीमुळे माझ्या स्वयंपाकघरात दुपारनंतर ऊन येणार नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे गेलो. चाची म्हणाल्या, “तिच्या घरात जाऊन पाहिले का कोणी? हमसायाचा हक्क हक्क म्हणता, तो काय फक्त ईदला शीरखुर्मा पोचवण्यापुरता?”

दुसऱ्या दिवशी भाबी आणि आम्ही तिथे गेलो. बाईंनी दार उघडले, जरा घाबरूनच. भांडायला आलोत असे त्यांना वाटले असावे. स्वयंपाकघराला एकच खिडकी. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर उशी, बाजूला लोकरीची टोपली. दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन बरोबर त्या खुर्चीवर पडले होते. बाकी स्वयंपाकघरात दिवा लावलेला होता. तिकडच्या थंडीत ऊन म्हणजे काय, हे आपल्याला मे महिन्यात रत्नागिरीत बसून कळत नाही. आम्ही पाच मिनिटे तिथे उभे राहिलो. सहा मीटरची भिंत कुठवर येईल हे भाबीने हाताने दाखवले आणि गप्प झाली.

परतल्यावर नकाशा पुन्हा काढला. शेजारच्या खिडकीच्या मध्यापासून 45 अंशांची तिरकी रेघ काढायची आणि बांधकाम तिच्या आत ठेवायचे, असा ठोकताळा तिथल्या बऱ्याच कौन्सिल वापरतात. भूमितीचा हा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो, पण त्याचा असा उपयोग पहिल्यांदाच पाहिला. रेघ काढल्यावर कळले की भिंत शेजारणीच्या बाजूने थोडी आत घेऊन चार मीटर ठेवली तर ऊन वाचते. चाचींच्या खोलीला कमी पडणारी जागा जेवणाच्या जागेतून काढली. छपरही खाली आणले.

पत्र जाण्याआधी भाईजाननी स्वतः तो नकाशा नेऊन बाईंना दाखवला. दुसऱ्या अर्जावर हरकत आली नाही.

एक कागद पुरत नाही

इथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. कौन्सिलचा होकार मिळाला म्हणजे सगळे झाले असे नाही. पाया, भिंतीतली उब, सांडपाणी, वीज यांसाठी बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी वेगळी असते. काम संपल्यावर तिचे पूर्णत्वाचे प्रमाणपत्र घेऊन जपून ठेवावे. सामाईक भिंतीला हात लावायचा किंवा तिच्याजवळ पाया खणायचा तर 1996 च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते, कामानुसार एक किंवा दोन महिने आधी. अंगणाखालून सार्वजनिक गटार जात असेल तर पाणी कंपनीची संमती घ्यावी लागते. घरातल्या अपंग व्यक्तीसाठी बदल करायचे असतील तर सरकारी अनुदानाची योजनाही आहे. ती उत्पन्न पाहून मिळते, पण काम सुरू करण्याआधी कौन्सिलकडे चौकशी जरूर करावी. हे नियम इंग्लंडचे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये वेगळे आहेत.

खोली ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा, थंडीच्या तोंडावर पूर्ण झाली. तोवर चाची बैठकीतल्या पलंगावर झोपल्या आणि दिवसातून दोनदा भाबीच्या आधाराने जिना चढल्या. ती तकलीफ खरी होती, ती झाकून काय उपयोग? आता त्या उठतात, चार पावले चालतात आणि स्टुलावर बसून वजू करतात. मधल्या भिंतीपलीकडच्या बाईंनी त्यांना लोकरीचा गुडघ्यावर घ्यायचा रुमाल विणून दिला. चाचींना इंग्रजी जेमतेम येते, त्या बाईंना कोकणी अजिबात येत नाही, तरी दोघी खिडकीपाशी बसतात म्हणे.

आम्ही जूनमध्ये गावी परतलो तेव्हा पाऊस लागला होता. चार वर्षांपूर्वी आम्ही घरामागे पत्र्याची पडवी काढली, ग्रामपंचायतीला विचारले नाही, शेजाऱ्यांनाही नाही. तिच्या पागोळ्या शेजारच्या खालूच्या अंगणात पडत होत्या आणि खालू छत्री घेऊन त्यांच्या घरात येणारे पाणी फावड्याने वळवत होते. चार पावसाळे ते हेच करत असावेत. कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि आम्ही कधी त्या बाजूला पाहिले नाही.

त्या रविवारी पन्हळ बसवली. पंचायतीत अर्जही दिला आहे.